किम्से, बिरी आणि मधला 'न'

तुर्की शिकताना 'किम्से' म्हणजे 'कोणीही नाही' असं पाठ करा, हा नेहमी दिला जाणारा सल्ला नवशिक्यांना हमखास गोत्यात आणतो. किम्सेत मुळात नकार नाहीच, तो क्रियापदात असतो: 'किम्से गेल्मेदी', अगदी आपल्या 'कोणी आलं नाही'सारखं. प्रश्नात नकार गळतो, 'किम्से गेल्दी मी?' म्हणजे 'कोणी आलं का?'. उलट साध्या होकारार्थी वाक्यात 'कोणीतरी आलं'साठी किम्से चालत नाही, तिथे 'बिरी गेल्दी'च हवं. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, पण शब्दार्थाची यादी घोकली की घोळ होतो.

खरी गोची विभक्तीत आहे. 'बिरी'च्या शेवटचा 'ई' हा स्वामित्वाचा प्रत्यय आहे, म्हणून पुढे विभक्ती लागताना मध्ये 'न' येतो: बिरीनी, बिरीने, बिरीन्दे, बिरीन्देन. हेप्सी (ते सगळे) आणि हिच्बिरी (त्यांपैकी एकही नाही) यांचंही तसंच. 'किम्से'ला तो प्रत्यय नाही, म्हणून किम्सेयी, किम्सेये, किम्सेदे, किम्सेदेन. 'किम्सेयी'च्या धर्तीवर 'बिरीयी' म्हणायची चूक इथूनच येते.

शिवाय माणसाबद्दलचं सर्वनाम कर्म असेल तर द्वितीया टाळता येत नाही: 'किम्सेयी बेक्लेमेदिम', मी कोणाची वाट पाहिली नाही. अनिश्चित वस्तूला मात्र ती लागत नाही, 'बिर शेय येदिम' (काहीतरी खाल्लं) पुरेसं आहे. आणि 'हेर्केस'चा अर्थ 'सगळे' असला तरी क्रियापद एकवचनीच, 'हेर्केस गेल्दी'. 'गेल्दिलेर' नाही.