सई म्हणजे फूल?

जोशी, अ-२०३: मानसी, बारशाची पत्रिका पाहिली, छान आहे. पण 'सई, एक सुगंधी फूल' हे कुणी छापलं? ते फूल सायलीचं. सई म्हणजे मैत्रीण.

मानसी, ब-५०१: काका, नावांच्या अ‍ॅपवर तसंच होतं 🙈

जोशी, अ-२०३: अ‍ॅपवर काहीही असतं. संस्कृत सखी, प्राकृत सही, मराठी सई. दोन स्वरांमधल्या ख, घ, ध चा प्राकृतात ह होतो. दधिचं दही झालं ना, तसंच. इथे पुढे तो ह पण गळला. गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहात बायका एकमेकींना 'सहि' अशीच हाक मारतात.

रोहन, ब-१०२: म्हणजे उद्या चेकवर सई करू? 😂

देशमुख काकू: ती सही अरबी, 'सहीह'वरून आलेली. आणि सय म्हणजे आठवण, तो शब्द निराळा. मानसी, जन्मदाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग एस-ए-ई-ई घाल. एस-ए-आय लिहिलंस की शाळेत 'साई' झालीच.

पाटील (सेक्रेटरी): रविवारी पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर लावाव्यात 🙏

मानसीच्या सासूबाई: पत्रिका मी बघूनच छापायला दिली होती, जोशी भाऊजी. चाळीस वाटूनही झाल्या.

जोशी, अ-२०३: वहिनी, राग नसावा. अर्थ चुकला तेवढंच म्हटलं.

कदम, अ-४०४: नाव सईबाई राणीसाहेबांचं! फलटणच्या निंबाळकरांची लेक, संभाजीराजांच्या आई. १६५९ साली राजगडावर वारल्या, राजे तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. यात फूल कुठून आलं?

सासूबाई: कळलं हो सगळ्यांना.

रोहन, ब-१०२: जेवण आहे ना पण?

देशमुख काकू: पत्रिकेचं सोडा, एस-ए-ई-ई!! जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांत दाखल्यावर नाव फुकट चढतं, पुढे विलंब शुल्क. आणि एकदा चढलं की बदलायला खेटे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना शाळाप्रवेशालाही हाच दाखला लागतो. म्हणून आधी दाखला, मग आधार. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर एकच हवं.

मानसी, ब-५०१: हो काकू. अजून नाव चढवलेलं नाही.

पाटील (सेक्रेटरी): रविवारी पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर लावाव्यात 🙏

सासूबाई: उरलेल्या पत्रिकांवर 'फूल' पेनाने खोडलंय. 'मैत्रीण' लिहायला जागा नाही. जोशी भाऊजी, या जेवायला.

देशमुख काकू: एस-ए-ई-ई.