डनस्पार्सला टीममध्ये घेऊन खेळलेलं कुणी आहे का?

रानवाट:
पोकेमॉनचा सोलसिल्व्हर हा गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलाय. टायफ्लोजन, अँफरॉस, लाल ग्यारडॉस हे त्रिकूट घेऊन आजवर भरपूर खेळून झालं. या वेळी ज्यांना कुणी विचारत नाही अशांचीच टीम करायची ठरवली आहे. डनस्पार्स, शकल, लेडियन वगैरे मंडळी. शोधायला जावं तिथे एकच उत्तर मिळतं, "कमजोर आहे, वेळ घालवू नका." ते मला नको. ज्यांनी यांना खरोखर खेळवलंय त्यांनी सांगा, नेमके कुठे कामाला आले? दोन जिम जिंकून दोन बॅज झालेत, पुढची जिम लीडर व्हिटनी आहे. आमच्या घरी टोपणनावं ठरवण्याचा मान धाकट्या बहिणीचा, तिची यादी तयार आहे.

गुहेतला:
डनस्पार्स. डोळे झाकून घे.

आधी मिळवायचा कसा ते सांगतो. व्हायोलेट सिटीच्या बाजूने डार्क केव्हमध्ये शिरायचं आणि आत फिरत राहायचं. भेटण्याची शक्यता फक्त १ टक्का. तोवर झुबॅट आणि जिओड्यूड पाठ सोडणार नाहीत. रानटी पोकेमॉन दूर ठेवणारा रिपेल उगाच मारत बसू नकोस, चिकाटी ठेव. मला ती १ टक्क्याची अट मनापासून पटते. डनस्पार्स बेतलाय जपानी लोककथेतल्या त्सुचिनोकोवर. मध्ये फुगलेला, आखूड, जाडजूड साप. तो पाहिल्याचं सांगणारे पुष्कळ, पण पकडून दाखवलेला कुणी नाही. असा प्राणी गवतात पावलोपावली भेटला असता तर काय मजा? मला आपल्याकडच्या मांडुळाची आठवण होते, तोही जाडजूड, बोथट शेपटीचा आणि कुणाच्या वाटेला न जाणारा.

सापडला की आधी त्याची अॅबिलिटी, म्हणजे अंगचा खास गुण बघ. रन अवे असेल तर सोडून दे आणि पुन्हा शोध. आपल्याला हवी सेरीन ग्रेस. या अॅबिलिटीने हल्ल्याच्या जोडीला येणाऱ्या परिणामाची शक्यता दुप्पट होते. आता इलेक्स फॉरेस्टमध्ये जा. तिथे एक माणूस हेडबट, म्हणजे डोक्याने धडक मारायची चाल शिकवतो. हेडबटने समोरचा दचकून त्याची पाळी वाया जाण्याची शक्यता एरवी ३० टक्के असते, डनस्पार्सच्या बाबतीत ६०. अडचण एकच, समोरचा दचकायला आपला वार आधी पडायला हवा, आणि डनस्पार्सचा वेग जेमतेम ४५. त्यावरचा इलाज त्याच्याकडेच आहे: ग्लेअर, समोरच्याला पॅरलाइज म्हणजे लुळं करणारी चाल. समोरचा पॅरलाइज झाला की या गेममध्ये त्याचा वेग पावपट उरतो. मग पहिला वार कायम आपला. पॅरलिसिसमुळे चारातली एक पाळी तशीही त्याची वाया जाते, उरलेल्या तीनांतल्या साठ टक्के हेडबट खातो. हिशेब केलास तर दहातल्या सात वेळा समोरच्याला हातच उचलता येत नाही. हे सगळं ज्याला "निरुपयोगी" म्हणतात त्याच्याकडून!

आता व्हिटनीची मिलटँक. गडगडत येऊन मारण्याच्या रोलआउट या चालीने भल्याभल्यांना लोळवणारी. तिचा वेग १००, म्हणून ग्लेअरशिवाय गत्यंतर नाही. पण सोलसिल्व्हरमध्ये तिच्याजवळ लम बेरी हे असे त्रास एकदा बरं करणारं फळ असतं, त्यामुळे पहिला ग्लेअर ती धुऊन टाकते. घाबरू नकोस, लगेच दुसरा मार. डनस्पार्सचे मूळ एचपी (जीव) १००, तेवढा मार सोसतो. शिवाय मादी डनस्पार्स मिळाली तर उत्तमच. मिलटँकही मादीच, त्यामुळे समोरच्याला भुरळ घालणारी तिची अट्रॅक्ट ही चाल मादीवर चालत नाही. आणि भूत प्रकारातला गॅस्टली नेऊन सुटका होईल असं वाटत असेल तर होणार नाही, तिच्या स्क्रॅपी अॅबिलिटीमुळे भुतांनाही मार बसतो.

शंखपाळ:
डनस्पार्सबद्दल पूर्ण सहमत. पुढे पाण्यावरून नेणारी सर्फ ही चाल हाती आली की सियानवूड गावाला जा आणि शकल घे. तिथे एका घरात एक माणूस त्याची शकी नावाची शकल तुझ्याकडे सांभाळायला देतो, कारण त्याचा दुसरा पोकेमॉन चोरीला गेलेला असतो. नंतर तो परत मागतो, पण शकीचा तुझ्यावर जीव जडला असेल तर "तूच ठेव" म्हणतो. म्हणून तिला बॉक्समध्ये टाकून विसरू नकोस, सोबत फिरव.

तिचे आकडे बघण्यासारखे आहेत: एचपी २०, अटॅक १०, वेग ५ आणि दोन्ही संरक्षणं प्रत्येकी २३०. तिच्या हातून कुणी पडेल ही अपेक्षाच ठेवायची नाही. मी तिला पुढे उभी करतो आणि तेवढ्या वेळात मागच्या जखमी मंडळींना औषध देतो. वाळूचं वादळ उठवलं की खडक प्रकारामुळे तिचं स्पेशल डिफेन्स आणखी दीडपट होतं. जुन्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये तर तिच्याजवळ ठेवलेल्या बेरीचा कधीकधी बेरी ज्यूस व्हायचा. शंखात फळं मुरवणारा प्राणी आहे ना, ते खेळातही उतरवलं होतं. अशी कारागिरी मला कुठल्याही लेजंडरीपेक्षा प्यारी आहे.

राखवाला:
माझा पोकेमॉन जोहतोतला, म्हणजे सोलसिल्व्हरच्या प्रदेशातला नाही, तरी लिहितो, कारण दुर्लक्षितांचा विषय स्पिंडाशिवाय अपुरा आहे. रूबी-सफायर या गेममध्ये रूट ११३ वर ज्वालामुखीची राख सतत पडत असते, गवतही राखेने माखलेलं. पाय पडला की राख झडते आणि तळातलं हिरवं गवत दिसतं. त्या राखेत झोकांड्या खात हिंडणारा हा प्राणी. सहाही आकडे ६०, धड ना इकडचा ना तिकडचा. पण त्याच्या तोंडावरचे चार ठिपके बघा. प्रत्येक ठिपक्याला २५६ जागा शक्य, म्हणजे चार ठिपक्यांच्या मिळून ४२९ कोटींवर रचना. काही ठिपके चेहऱ्याबाहेर जातात, तेव्हा दिसणाऱ्या रचना त्याहून कमी. तरीही हुबेहूब तुमच्यासारखा स्पिंडा दुसऱ्याकडे असणं जवळपास अशक्य. २००२ सालच्या एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये हे बसवलंय! माझ्या स्पिंडाचा एक ठिपका थेट डाव्या डोळ्यावर आहे. कुणी शायनी रेक्वाझा देऊ केला तरी मी बदल्यात तो देणार नाही.

रानवाट:
गुहेतला, डनस्पार्स मिळाला! सेरीन ग्रेस, आणि मादी. बहिणीने नाव ठेवलं "लाडू". एक विचारायचंय, याला इव्होल्यूशन, म्हणजे पुढचं रूप आहे का?

गुहेतला:
सोलसिल्व्हरमध्ये नाही. १९९९ पासून लोक वाट बघत होते, ते आलं थेट २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेट गेममध्ये. हायपर ड्रिल ही चाल येत असताना लेव्हल वाढली की डुडनस्पार्स होतो. बदल काय, तर अंगाला आणखी एक पेर फुटतं. शंभरातल्या एखाद्यालाच एक जास्तीचं मिळतं. पुष्कळांना वाटलं होतं भला मोठा ड्रॅगन होईल, ते हिरमुसले. मला तर भरून आलं. जो आहे तोच राहिला, थोडा लांब झाला.

लाडूला व्हिटनीकडे नेताना लेडियनचं आधीचं रूप लेडीबाही घे. सोलसिल्व्हरमध्ये सकाळच्या वेळी रूट ३० आणि ३१ वर मिळते. लेव्हल १४ ला रिफ्लेक्ट ही संरक्षक चाल शिकते, आणि मिलटँकचे स्टॉम्प, रोलआउट दोन्ही रिफ्लेक्टने निम्म्यावर येतात. फक्त मिलटँकसमोर लेडीबाला ठेवू नकोस, रोलआउट तिला चौपट लागतो. आधी व्हिटनीची क्लेफेरी येते, ती अर्धमेली झाली की लेडीबा आणून रिफ्लेक्ट लाव, क्लेफेरीला पाड आणि मग लाडूला पुढे कर. रिफ्लेक्ट पाच पाळ्याच टिकतो, त्यामुळे दोन्ही ग्लेअर लगोलग मार.