ओव्हनशिवाय ग्रीक चवीचा फ्रिटाटा?

प्रश्न: पालक, टोमॅटो, ऑलिव्ह, फेटा चीज घालून सहा अंड्यांचा फ्रिटाटा (जाडसर ऑम्लेट) करायचाय. ओव्हन नाही. खालून करपणार नाही ना?

उत्तर: जाड बुडाचं पॅन, अगदी मंद आच, वर झाकण. पालक आधी परतून घट्ट पिळा, टोमॅटोच्या बिया काढा. नाहीतर पाणी सुटतं.

उत्तर: शेपू घालाच! ग्रीसमध्ये पालक-फेट्याशी त्याची जुनी जोडी आहे आणि इथे नाशिकच्या भाजीबाजारात ताजी जुडी मिळते. मीठ जपून, फेटा मिठाच्या पाण्यात मुरलेला असतो. त्याऐवजी पनीर मला पटत नाही. फेटा मुख्यतः मेंढीच्या दुधाचा, तो आंबटपणा पनीरला कुठला? पनीरच असेल तर लिंबू-मीठ लावून रात्रभर ठेवा.

प्रश्नकर्ती: शेपू सासूबाईंचा आवडता. आजच आणते, ताई.