रूपकातला सत्ताधीश ओळखला, मग पुढे काय वाचायचे?

गोदाकाठचा वाचक:
नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात काही वाचकमित्रांसमोर मला खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर (१९०७) बोलायचे आहे. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री (अज्ञातवासातली द्रौपदी) म्हणजे परतंत्र देश, कंकभट्ट (युधिष्ठिर) मवाळ आणि बल्लव (भीम) जहाल, हे सर्वांना पाठ आहे. या जोड्या लावून झाल्यावर अशा राजकीय रूपकात आजच्या वाचकासाठी काय उरते?

पंचवटीकर:
जोड्या लावण्याचे काम मुंबई सरकारने चोख केले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. थोडेच आधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, आपल्याच गावच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. (त्या रात्री प्रयोग मात्र ‘शारदे’चा होता.) माझ्या मते आपण पांडवांना आश्रय देणाऱ्या विराट राजाकडे पाहावे. मूळ विराटपर्वात कीचक भरसभेत सैरंध्रीला लाथ मारतो आणि राजा मूग गिळून बसतो, कारण सिंहासन त्याचे असले तरी सैन्य मेव्हण्याच्या, म्हणजे कीचकाच्याच, मुठीत आहे.

नाट्यवेडा, सातपूर:
विराटाविषयी सहमत आहे. परंतु पौराणिक रूपकात दुष्ट मारला की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, ही त्याची मर्यादा आहे. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) तसे होत नाही. मुलगी नाना फडणवीसांच्या हवाली करून घाशीराम कोतवाली मिळवतो, पुण्यात परवान्यांचे राज्य आणतो, चोरीच्या नुसत्या आळावरून एका ब्राह्मणाच्या हातावर तापलेला गोळा ठेववतो. आणि लोक खवळले की नाना त्यालाच जमावापुढे टाकून पुन्हा उत्सवाची आज्ञा देतात. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनी स्वतः बजावले होते, तरी वाद नानांच्या बदनामीवरच रंगला.

गोदाकाठचा वाचक:
आपणा दोघांचे आभार. म्हणजे दिलेला अधिकार काढून घेण्याची ताकद कोणाकडे आहे, हे तपासावे लागेल: विराटाकडे ती उरलेली नाही आणि नानांनी ती क्षणभरही हातची सोडलेली नाही. मांडणी याच अंगाने करतो.

पंचवटीकर:
जरूर करावी, फक्त कंकभट्टाला नुसता मवाळ ठरवून निकालात काढू नये. ओळख उघड झाली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास, या अटीने तो बांधलेला आहे, आणि त्याच्यावर पहारा ठेवायला कीचकाला एकही शिपाई लागत नाही.