जिप्सी किंगला २७२ अंशांचा कॅम टाकायचा आहे, सोबत काय काय बदलावं लागेल?

केळापूर_फोरबायफोर:
नमस्कार मंडळी. गाडी मारुतीची जिप्सी किंग, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी), १६ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन, आतून सगळं कंपनीचंच. काम म्हणजे पांढरकवड्याहून शेत. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता आणि मागे खताच्या चार-पाच बॅगा. गॅस्केटसाठी हेड उतरवलंच आहे, म्हणून लगेहात कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलावा म्हणतो. २७२ अंशांचा (क्रँक तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा) मिळतो आहे, लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) जुन्यापेक्षा साधारण १ मिमी जास्त. नुसता कॅम टाकून भागेल का? ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हात लावावाच लागेल का? आणि चिखलात ताकद वाढेल का?

हेडवाला_वणी:
भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावरच बाकीचं ठरते. चिखलात ताकद वाढणार नाही, उलट कमी होईल. या इंजिनाचा टॉर्क मुळातच ४५०० आरपीएमला जास्तीत जास्त, १०३ न्यूटन-मीटर. काळ्या मातीत तुम्ही चालवता १५०० ते २५०० वर. २७२ च्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. कमी आरपीएमला पिस्टन वर येताना भरलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये (हवा आत आणणाऱ्या नळीत) ढकलली जाते, दाब बनतच नाही. फायदा दिसतो तो वर, मोकळ्या रस्त्यावर.

तुमच्या कामाला २५० ते २५६ अंशांच्या आतला कॅम घ्या, लिफ्ट थोडी जास्त असली तरी चालेल. सोबत व्हर्नियर पुली (कॅमचं टायमिंग हलवता येणारी) लावा आणि कॅम क्रँकच्या मापाने २ ते ४ अंश अ‍ॅडव्हान्स (लवकर) करा. इनटेक लवकर बंद झाला की खालचा दम परत येतो. पुलीवरचा १ अंश म्हणजे क्रँकवरचे २, इथे गफलत फार होते.

हेड घासून घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. हेड खाली आलं की बेल्टच्या इंजिनात कॅम आपोआप थोडा रिटार्ड (उशिरा) होतो. मार्कावर मार्क जुळले म्हणून टायमिंग बरोबर, असं समजू नका. डिग्री व्हील (अंशांची चकती) आणि डायल गेज (उंची मोजणारा काटा) लावूनच मोजा. टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) पिस्टन स्टॉपने दोन्हीकडून अडवून काढा. मग लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्याच्या) माथ्याच्या अलीकडे आणि पलीकडे १-१ मिमी खाली आकडा घ्या, दोघांचा मध्य म्हणजे मध्यरेषा. कॅमसोबतच्या कार्डशी ती जुळवा.

लिफ्ट वाढली की तीन ठिकाणी जागा तपासावीच लागते. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडायच्या आत किमान १ मिमी उरला पायजे. रिटेनर (स्प्रिंगची टोपी) आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही तेवढीच जागा. तिसरी पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली. त्यासाठी शाळेतल्या पोरांची रंगीत क्ले पिस्टनच्या खाचेत थापा, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावा, जुनं दबलेलं गॅस्केट घालून हेड कसा, क्लिअरन्स (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट करा आणि हाताने क्रँक दोन फेरे फिरवा. कुठे अडकलं तर जोर लावू नका. हेड काढून क्ले ब्लेडने उभी कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हवं. कॅम अ‍ॅडव्हान्स केला की इनटेककडची जागा कमी होते, म्हणून हे माप पुलीच्या अखेरच्या सेटिंगवरच घ्यायचं.

लॅम्बडा_हिंगणघाट:
ट्यूनिंगचं सांगतो. आपल्या गाडीचा ईसीयू हवा मोजतो मॅनिफोल्डच्या दाबावरून. मोठ्या कॅमचा ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याचा काळ) जास्त, त्यामुळे आयडलला व्हॅक्यूम घसरतो. हा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला वाटते की गाडी लोडवर आहे, मग ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. प्लग काळे पडतात आणि आयडल वरखाली होते. त्यात ओव्हरलॅपमध्ये थोडी ताजी हवा न जळता थेट सायलेन्सरकडे जाते, ऑक्सिजन सेन्सर ते ‘लीन’ (पेट्रोल कमी) समजतो आणि अजून पेट्रोल मागतो. २५० च्या कॅमला हे जेमतेम जाणवते. २७२ ला पिगीबॅक (जुन्या ईसीयूला जोडायचा जादा कॉम्प्युटर) किंवा स्वतंत्र ईसीयू आणि मिश्रण अचूक मोजणारा वाइडबँड सेन्सर लागणारच. ब्रेकचा बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर चालतो, पेडल कडक लागलं तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

आकडे लॅम्बडात पाहा (१.०० म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर, त्याखाली पेट्रोल जास्त), साध्या पेट्रोलचा एकास १४.७ हवेचा हिशेब धरू नका. पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळते, त्याचं प्रमाण १३.५ च्या आसपास बसते. आयडलला ०.९५ च्या जवळपास, सरळ चालीला १.००, फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८. आधी पेट्रोलचा नकाशा पूर्ण करा, मग इग्निशन. आयडल ९५० वर ठेवा आणि तिथे टायमिंग थोडं वाढवा, कारण जळका वायू मिसळल्यावर मिश्रण हळू पेटते. फुल लोडला मात्र जपून. डिसेंबरच्या थंडीत बसवलेलं टायमिंग मे महिन्याच्या ४५ अंशांत टिकटिक (नॉकिंग) करते. हवेच्या तापमानाची दुरुस्ती टेबलात भरा, नाहीतर फुल लोडला सरसकट २ अंश मागे ठेवा.

केळापूर_फोरबायफोर:
धन्यवाद दादा, २७२ रद्द. जुनाच कॅम ग्राइंड करून घेतला तर? रॉकर (कॅमचा जोर व्हॉल्व्हवर नेणारे) जुनेच वापरायचे आहेत.

हेडवाला_वणी:
ग्राइंड चालते, पण बेस सर्कल (लोबचा गोल भाग) लहान होते. रॉकर खाली झुकतो आणि अ‍ॅडजस्टिंग स्क्रू जास्त बाहेर येतो. स्क्रूचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मधोमध बसते का ते मार्करची शाई लावून पाहा. ठसा कडेला आला तर गाइड झिजेल. ग्राइंडनंतर कडक केलेला थर उरला आहे का, तेही विचारा.

जुन्या रॉकरच्या पॅडवरून नख फिरवा. खाच लागली तर ते रॉकर नव्या लोबवर घालायचे नाहीत, काही तासांत लोब खरवडून टाकतील. जोडताना लोब आणि पॅडवर मॉलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट लावा. तेल पुरेसं झिंक असलेलं. इंजिन लागल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर २० मिनिटं, मध्ये आयडलला सोडायचं नाही, कारण आयडलला लोबवर तेल कमी उडते. म्हणून सेल मारण्याआधीच पाणी, पेट्रोल, टायमिंग सगळं बघून घ्या. मग तेल आणि फिल्टर बदला, इंजिन थंड झाल्यावर क्लिअरन्स पुन्हा तपासा. क्लिअरन्सचा आकडा कॅमच्या कार्डवरचा घ्यायचा, गाडीच्या पुस्तकातला नाही.