म्यूटेक्स मंद आणि स्पिनलॉक वेगवान? हा गैरसमज आता पुरे

रात्रपाळी:
लॉक म्हणजे सामायिक डेटाला एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्र चालणारा धागा) हात लावेल याची सोय. लॉक मोकळं नसेल तर म्यूटेक्स वाट पाहणाऱ्याला झोपवतं, स्पिनलॉक त्याला जागेवरच फिरवत ठेवतं. काल खटपट्या यांनी लिहिलं, 'झोपणारं लॉक म्हणजे वेळेची नासाडी, सगळीकडे स्पिनलॉक वापरा.' त्यावर माना डोलावणारे पाहून राहवलं नाही.

लॉक धरलेला थ्रेड प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर चालू असेल तरच फिरत राहण्यात अर्थ. त्यालाच शेड्यूलरने (कोअर कोणाला द्यायचा ते ठरवणारा) उतरवलं असेल तर वाट कोणाची बघताय? लिनक्सचं म्यूटेक्स २००९ पासून हेच तपासतं. मालक कोअरवर आहे तोवर फिरायचं, तो उतरला की आपणही झोपायचं.

खटपट्या:
झोपवणं-उठवणं म्हणजे दोन कॉन्टेक्स्ट स्विच (कोअरवरचा थ्रेड बदलणं), वर कॅश (कोअरजवळची वेगवान मेमरी) थंड. मला लिस्टमध्ये एक नोड जोडायचाय. तेवढ्यासाठी झोपू? आणि इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरच्या हाकेला लगेच उत्तर देणारा कोड) झोपून दाखवा.

रात्रपाळी:
इंटरप्टमध्ये झोपता येत नाही, मान्य. पण 'सगळीकडे' तुम्ही लिहिलंत. यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबाहेरच्या) प्रोग्राममध्ये, प्रीएम्प्शन (चालू थ्रेडला मध्येच उतरवणं) बंद करता येतं का? लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२० मध्ये हेच बजावलं होतं.

आमच्याकडे ४ कोअरवर १२ थ्रेड आणि कुणीतरी हाताने लिहिलेलं स्पिनलॉक. रात्री दोनला टॉप (कोअर किती व्यस्त ते दाखवणारा प्रोग्राम) उघडून बसलो होतो. चारही कोअर १०० टक्के आणि लॉगमध्ये एक ओळ पुढे सरकत नाही. लॉकचा मालक रन क्यूमध्ये (कोअर मिळण्याच्या रांगेत) ताटकळतोय आणि बाकीचे त्याचाच कोअर अडवून फिरतायत! फ्युटेक्सवरचं (लिनक्सची थ्रेड झोपवण्या-उठवण्याची सोय) साधं म्यूटेक्स लावलं, सुटलो. भांडण नसेल तर ते कर्नलमध्ये जातही नाही.

निशा_क:
व्हर्च्युअल मशीनमध्ये कर्नलचंही हेच होतं. २००८ चं तिकीट लॉक आठवा. नंबर लावून रांग, अगदी न्यायाने. पण ज्याचा नंबर आला त्याचा व्हीसीपीयूच (आभासी कोअर) हायपरवायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) काढून घेतला, की मागचे सगळे फुकट फिरतात.

खटपट्या:
म्हणून तर लिनक्स ४.२ मध्ये क्यूस्पिनलॉक आलं. १९९१ ची एमसीएस या रांगेच्या लॉकची कल्पना, प्रत्येकजण रांगेतल्या आपापल्या नोडवर फिरतो. आधी वाचत जा.

निशा_क:
वाचलंय, आणि त्यावर रात्री घालवल्यात. एमसीएसने एकाच कॅशलाइनवरची (कॅशमधला मेमरीचा छोटा तुकडा) ओढाताण थांबवली. रांग तशीच राहिली, व्हीसीपीयू गायब होणंही. म्हणून पॅराव्हर्च्युअल वाट (कर्नल आणि हायपरवायझर मिळून) काढली: थोडं फिरा, मग व्हीसीपीयू हॉल्ट करा, लॉक सोडणारा हायपरवायझरकरवी उठवेल. म्हणजे तुमचं स्पिनलॉकही शेवटी झोपलंच ना? आणि ती सोय नसेल तर एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) कर्नल रांग मोडून साध्या टेस्ट-अँड-सेटवर (ज्याच्या हाती आधी लागेल त्याचं लॉक) उतरतो. तिथे न्यायापेक्षा धक्काबुक्की परवडते.

साताऱ्याचा:
आम्हाला कॉलेजात जेवणारे तत्त्वज्ञ (लॉकचं पुस्तकी कोडं) दहा मार्कांना होते. कॅशलाइन हा शब्द चार वर्षांत कुणी फळ्यावर लिहिला नाही. मग पोरं व्हाइल लूप फिरवणार नाहीत तर काय करणार?

खटपट्या:
कॉलेजचं गाऱ्हाणं दुसरीकडे मांडा, इथे लॉकबद्दल चाललंय. बरं, 'सगळीकडे' हा शब्द मागे घेतो. कर्नलमधल्या दहा ओळींच्या सेक्शनला मात्र स्पिनलॉकच. त्यावरून हलणार नाही.

निशा_क:
२०२४ ला लिनक्स ६.१२ मध्ये आरटी (रिअल-टाइम, वेळेत प्रतिसाद देण्यासाठीचा पर्याय) मुख्य कर्नलमध्ये आलं. ते चालू केलं की साधं स्पिनलॉक झोपतं, फक्त रॉ स्पिनलॉक खरोखर फिरतं. तुमच्या दहा ओळींत कोणतं आहे?

खटपट्या:
साधंच. आरटीवर कधी चालवलेलं नाही. आज रात्री बिल्ड करून बघतो.