शब्दचर्चा : ‘प्रत्यक्ष सहभाग’, ‘सक्रिय सहभाग’ आणि ‘बालसैनिक’

नौपाडा, ठाणे : येथील कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्यावर (युद्धकाळात लागू होणाऱ्या नियमांवर) मराठीत टिपणे लिहीत आहे. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ७७ मध्ये पंधरा वर्षांखालील मुलांच्या युद्धकृतींतील ‘प्रत्यक्ष’ (direct) सहभागाचा उल्लेख आहे, तर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या १९९८ च्या रोम संविधीत ‘सक्रिय’ (active) सहभागाचा. दोन्हीकडे ‘प्रत्यक्ष’ लिहिले तर चालेल का? आणि अशा मुलांना ‘बालसैनिक’ म्हणावे का?

नेरूळ, नवी मुंबई : माझ्या मते मुळीच चालणार नाही. नागरिक युद्धकृतींत प्रत्यक्ष भाग घेत असेल, तर तेवढ्या काळापुरते हल्ल्यापासूनचे संरक्षण तो गमावतो, आणि हा नियम मुलांनाही लागू होतो. म्हणून ‘प्रत्यक्ष’चा अर्थ सैल केला, तर छावणीत पाणी भरणारा मुलगाही लक्ष्य ठरू शकेल. याउलट रोम संविधीतील ‘सक्रिय’ हा शब्द मुलांना वापरणाऱ्याला दोषी ठरवण्यासाठी असल्यामुळे तो व्यापक असणेच हिताचे आहे. काँगोमधील सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला २०१२ मध्ये दोषी ठरवताना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ‘सक्रिय’मध्ये आघाडीबाहेरची मदतीची कामेही येऊ शकतात असे मानले, मुलाला त्या कामामुळे हल्ल्याचा धोका होता का, ही त्याची कसोटी होती. जाता जाता, इंग्रजी ‘hostilities’साठी ‘युद्धकृतींत सहभाग’ऐवजी ‘शत्रुत्वात सहभाग’ असेही लिहू नये. शत्रुत्व मनातही असू शकते. येथे कृती अभिप्रेत आहे.

कळवा : मथळ्यात ‘बालसैनिक’ ठेवण्यास हरकत नाही, पण व्याख्येत तो शब्द तोकडा पडतो. २००७ च्या पॅरिस तत्त्वांत (सशस्त्र गटांनी वापरलेल्या मुलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत) स्वयंपाकी, हमाल, निरोपे, हेर म्हणून किंवा लैंगिक शोषणासाठी वापरलेली मुले-मुली येतात, त्यामुळे ‘सशस्त्र दल किंवा गटाशी संबंधित बालक’ हे लांबलचक रूपच बरोबर आहे. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ८३ मध्येही अतिरेकी गटाने बालकाची ‘कोणत्याही प्रयोजनासाठी’ भरती किंवा वापर करणे हा गुन्हा आहे, आणि तेथे बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती.

नौपाडा, ठाणे : मग ‘भरती’ या एकाच शब्दात सक्ती आणि राजीखुशी दोन्ही आली तर?

नेरूळ, नवी मुंबई : रोम संविधीत त्यांसाठी वेगळी क्रियापदे असल्याने ‘सक्तीने भरती करणे’ आणि ‘दाखल करून घेणे’ असे वेगळे लिहावे, मात्र पंधरा वर्षांखालील मुलाची संमती हा आरोपीचा बचाव होऊ शकत नाही, असे लुबांगाच्याच खटल्यात स्पष्ट झाल्याने ‘स्वेच्छेने’ हे विशेषण तेथे टाळलेलेच बरे.